बंदरावर दिवे वाढवले

“आता जे सांगतो, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. पैज लावा.”

रघुवीर तिरोडकरांची प्रत्येक गोष्ट या वाक्यानं सुरू होई, आणि देवगडच्या धक्क्यावर ही पैज ते आजवर एकदाही हरले नव्हते. दुपारी चारच्या सुमाराला मच्छीमार सोसायटीच्या पंपावर होड्या चार्जिंगला लागत, म्हशी गव्हाणीला लागाव्यात तशा ओळीनं. बॅटऱ्या भरायला दोन तास जात, आणि दोन तास नुसतं समुद्राकडे बघण्याचा त्या लोकांना मनस्वी कंटाळा. समुद्र त्यांनी पुष्कळ बघितला होता. मग पंपाशेजारच्या बाकावर तिरोडकर येऊन बसत, बाजूला चहावाली कांता मोंडकर किटली मांडी, आणि गजालीला रंग चढे.

परवाचीच गोष्ट घ्या. मत्स्यमंत्र्यांचा फोन पाण्यात पडला, तो एका सुरमईनं गिळला, आणि त्या सुरमईनं समुद्राच्या तळातून तीन दिवस सगळ्या मीटिंगांना हजेरी लावली. हजेरीपटावर मंत्र्यांच्या नावापुढे शंभर टक्के.

“काका, सुरमय बोलली काय मीटिंगीत?” कांतानं विचारलं.

“ती कसली बोलतली? मंत्र्यासारखीच गप बसान होती.”

सगळे हसले. तिरोडकर हसले नाहीत. थाप मारणाऱ्यानं हसायचं नसतं, एवढी शिस्त त्यांनी पाळली होती.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस एवढ्या थापा का मारतो, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी आणखी एक थाप मारली असती. पण मनाशी त्यांचं गणित सरळ होतं. पस्तीस वर्षं त्यांनी बातमीदारी केली. त्यांच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासानं काय केलं ते त्यांनी पाहिलं. ज्याचं बोलणं कोणी खरं धरत नाही, त्याच्या बोलण्यानं कोणाचा जीव जात नाही.

त्या दिवशी गोष्ट सुरू व्हायच्या आतच एक बाई धक्क्यावरून चालत आली. तिशी-एकतिशीची, खांद्याला कापडी पिशवी, पायांत आपल्याकडे न मिळणाऱ्या जाड तळव्यांच्या चपला. इकडेतिकडे न बघता ती थेट बाकापाशी येऊन उभी राहिली.

“आपणच तिरोडकर काय? मी शेवंती. मोरावहून आले. आवडाबाय माझी आई.”

कांताला तिचं बोलणं ऐकून गंमत वाटली. पणजीनं भिंतीवरच्या फोटोतून बोलावं तसं ते होतं. तिरोडकरांना गंमत वाटली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसलेला चष्मा डोळ्यांवर न चढवता हातातच धरून ठेवला.

तिनं पाल्हाळ लावलं नाही. नऊ वर्षांची असताना आईनं तिला समुद्रापलीकडे मावशीकडे पाठवलं, त्याला बावीस वर्षं झाली. पुढं आईचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी मोरावचं सरकार कोसळलं आणि बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून मेलेल्यांच्या याद्या बाहेर आल्या. पण त्या याद्यांत नावं नाहीत, नुसते नागरिक-क्रमांक. आईच्या घरातले कागद घराबरोबर जळाले, त्यामुळे आईचा क्रमांक तिला ठाऊक नाही. तो आईच्या पत्रांच्या माथ्यावर असणार, आणि ती पत्रं जगात एकाच माणसाकडे आहेत, असं तिला मुंबईत कळलं.

“मी तिच्या नावाने रोज सांजेस दिवा लाविते,” ती म्हणाली. “लावीत राहू, की वाढवू? एवढेच विचारायास आले.”

पत्रं तिरोडकरांकडे होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर. याद्या जाहीर झाल्या त्याच दिवशी त्यांनी डबा खाली काढून क्रमांक ताडून पाहिला होता. तिसरं पान, खालून सातवी ओळ. म्हणजे उत्तर एका शब्दाचं होतं, आणि दोन वर्षं ते तयार होतं.

ते जिभेपर्यंत आलंसुद्धा. पण त्या उत्तराच्या पाठीला दुसरं एक चिकटलेलं होतं. ही मुलगी पुढं विचारणार, आई कशानं सापडली? आणि ते उत्तर तिरोडकरांना ना गिळवत होतं, ना सांगवत.

“बस, बाय,” ते म्हणाले. “सांगतो. पण यावर तुझा विश्वास बसायचा नाही.”

कांतानं तिच्या हातात चहाचा पेला दिला. होडीवाले जवळ सरकले.

सुरुवात त्यांनी खरीच केली. थाप टिकायची तर तिचा चौथरा खऱ्याचा लागतो, आणि तिरोडकर या कामात गवंडी होते.

मोराव हे हिंदी महासागरातलं बेट. सहा पिढ्यांपूर्वी कोकणातली माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली ती तिथलीच झाली. त्यांची मराठी घरात राहिली. शाळेत ती गेली नाही आणि छापखान्यात तर तिनं पाऊलच ठेवलं नाही. या बेटावर एका गणवेशवाल्यानं राज्य बळकावलं आणि स्वतःला राष्ट्रपालक अशी पदवी लावून घेतली. लोक नुसतं पालक म्हणत. “भाजी नव्हे,” तिरोडकर म्हणाले, आणि होडीवाल्यांतले दोघं हसले. शेवंती हसली नाही. तिनं पालक पाहिला होता.

‘दैनिक किनारा’चे वार्ताहर म्हणून तिरोडकर तिथं चार वर्षं होते. बाकीच्या देशांचे वार्ताहर एकेक करून हाकलले गेले. हे राहिले, कारण हे पालकाच्या उद्घाटनांच्या बातम्या वेळेवर पाठवत. साखरेचं उत्पादन, नवा पूल, पालकाच्या घोड्याचा वाढदिवस. स्वतःला ते सांगत, की राहायचं तर एवढं लिहावंच लागेल. आणि राहायचं कशासाठी, तर एक दिवस खरं लिहायला मिळावं म्हणून. असं सांगता सांगता दोन वर्षं गेली. तेवढ्या काळात बेटावरच्या गल्ल्यांतून माणसं नाहीशी होत होती आणि ‘किनारा’त घोड्याचा फोटो छापून येत होता.

आणि खरं लिहायचं म्हटलं तरी पाठवणार कसं? पालकाकडे चाळण होती.

चाळण म्हणजे काय, ते तिरोडकरांनी होडीवाल्यांना कळेल असं सांगितलं. पूर्वीची सरकारं शब्द अडवत. ‘गोळीबार’ अडवला की लोक ‘फटाके’ लिहीत. ‘फटाके’ अडवले की ‘खोकला’. चाळण शब्दाकडे बघतच नसे. एक भलंमोठं मैदान डोळ्यांसमोर आणा. जगात आजवर छापलेलं एकेक वाक्य त्या मैदानात बसलंय, आणि सारख्या अर्थाची वाक्यं एकमेकांना खेटून बसली आहेत. एका कोपऱ्यात लग्नं, एका कोपऱ्यात बाजारभाव, एका कोपऱ्यात मयत. बेटावर कोणीही कोणाला चार ओळी लिहिल्या, की चाळण एवढंच बघे, की हे नवं वाक्य मैदानात कोणाशेजारी जाऊन बसतंय. रडणाऱ्यांत बसलं, चिडलेल्यांत बसलं, की ते तिथंच थांबे आणि लिहिणाऱ्याचा नागरिक-क्रमांक पोलिसांकडे जाई. फटाके म्हणा नाहीतर खोकला म्हणा, वाक्य कुठं टेकलं त्यावरून तिला सगळं कळे. तिला बसायच्या जागा शिकवल्या होत्या जगातल्या यच्चयावत छापील मजकुरानं, आणि तेवढं वाचलेला माणूस जन्माला यायचा होता.

“पण जे कोणी छापलंच नाही,” तिरोडकर म्हणाले, “ते तिला कुठून कळणार?”

शेवंतीनं मान डोलावली, पुढचं माहीत असल्यासारखी.

आवडा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मासळीचं वजन करायला होती. डाव्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. उजवा हात मोकळा, कारण तो सारखा काट्याच्या लोखंडी आकड्याशी. कानामागे पेन्सिल. तिरोडकर एकदा कसल्यातरी सरकारी समारंभाला बंदरावर गेले होते. त्यांचं नाव ऐकून ती म्हणाली, तिरोड्याचे काय? आमचे मूळ पुरुष आरवलीचे, म्हणजे शेजारचेच. दीडशे वर्षं आणि एक महासागर ओलांडून झाल्यावरही तिच्या लेखी ते शेजारचेच होते. त्या दिवसापासून ते तिचे दादा झाले. ती कधी वाटीभर तिरफळं पाठवी, कधी दोन ओळींचं पत्र.

मग गोदीतल्या कामगारांनी काम बंद केलं. त्यांच्या बायका डबे घेऊन आल्या, मुलं बरोबर होती, आणि पालकाची माणसं तिन्ही दरवाजांनी आत शिरली. दुसऱ्या दिवशी सरकारी बातमी निघाली, की गोदीत शांतता असून कोणीही जखमी नाही. ‘किनारा’त ती तशीच छापून आली, तिरोडकरांच्या नावानं.

चौथ्या दिवशी आवडाचं पत्र आलं. “दादास नमस्कार. बंदरावर सण जाहला. बर्फाच्या घरात एकोणसत्तर दिवे वाढवले. त्यांत अकरा पणत्या होत्या. मी स्वतः मोजले. आवडा.”

तिरोडकरांनी ते वाचलं आणि मनाशी म्हटलं, कसला सण, कुठले दिवे? मग त्यांचा हात थांबला. दिवा विझवला असं आपण म्हणत नाही. अशुभ तोंडातून काढायचं नाही म्हणून दिवा वाढवला म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. आपल्याकडे हा शब्द दिव्या-बांगडीपाशी थांबला. मोरावच्या घराघरांत तो सहा पिढ्यांत माणसापर्यंत जाऊन पोचला. तिथं म्हातारा मेला असं म्हणत नाहीत, म्हातारा वाढला म्हणतात. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठल्या कोशात नव्हतं. चाळणीनं ते पत्र वाचलं. सण, दिवे, पणत्या, वाढ. तिनं ते उचललं आणि दिवाळीच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं.

अकरा पणत्या. आयांबरोबर गोदीत गेलेली मुलं.

तेच शब्द त्यांनी मुंबईला संपादक केळुसकरांना पाठवले. केळुसकर वेंगुर्ल्याचे, त्यांना उमगायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी ‘किनारा’त बातमी, आठवड्याभरात जगभर. पालकानं चाळणीचे तीन इंजिनियर तुरुंगात टाकले, कारण बेटावरून बाहेर गेलेल्या मजकुरात एकही रडणारं वाक्य सापडेना.

त्यानंतर तिरोडकर आवडाला एकदाच भेटले, कारखान्यात, बर्फाच्या लाद्यांमागं भुशाच्या ढिगापाशी. छापून काय होते दादा, असं तिनं विचारलं. जगाला कळतं, ते म्हणाले. आणि कळून? गोदीतलं मारण्याचं सत्र थांबलं होतं खरं, पण ते थांबलं की दुसरीकडे हललं, कोण सांगणार? त्यांनी तिला एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी होती. उद्या हे उघडकीला आलं तर मला विमानात बसवतील आणि तुला या लाद्यांवर निजवतील. ते त्यांनी आडवळणानं, अर्धंमुर्धं सांगितलं. ती हसली. लेक पलीकडे सुखरूप आहे, आता भय कशाचे, म्हणाली. भुशातले हात झटकले आणि मग जे बोलली, ते तिरोडकरांनी शेवंतीला तिच्याच शब्दांत सांगितलं.

“मोजणारे कोणी नसेल तर ती माणसे मेलीच नाहीत असे होईल. मी मोजिते, तुम्ही लिहा. पण तो शब्द जपा, दादा. तो घरचा आहे.”

चौदा महिने पत्रं येत राहिली. एकूण तेवीस.

इथपर्यंत सगळं खरं होतं. कांताचा चहा उकळून आटला होता आणि तिचं लक्ष नव्हतं. तिरोडकर थांबले. त्यांनी पाणी मागितलं, हळूहळू प्यायले. भांडं खाली ठेवायलाही त्यांनी वेळ घेतला.

कारण पुढचं असं होतं.

ते रजेवर मुंबईला आले होते. एक मानाचा पुरस्कार मिळाला होता, शाल होती, भाषण होतं. मराठी भाषा दिनाची पुरवणी निघत होती, आणि केळुसकर म्हणाले, तुमच्या बातम्यांनी वाचक दबून गेलाय हो तिरोडकर, आठशे शब्द हलकंफुलकं काहीतरी द्या. तिरोडकरांनी एका बैठकीत लिहून दिलं. शीर्षक, ‘दिवा विझत नाही’. केळुसकरांनी वाचता वाचता विचारलं, त्या बाईला काही धोका नाही ना? नाव नाही, गाव नाही, काम नाही, तिरोडकर म्हणाले. वार्ताहराला शिकवलेलंच असतं, की माणूस वाचवायचा तर या तीन गोष्टी झाका. त्यांनी तिन्ही झाकल्या होत्या. बेटाऐवजी ‘दूरदेशीची एक मराठी वस्ती’. बाईचा पुरुष केला, कारखान्याचा दवाखाना केला. आणि मग ज्या एका शब्दाच्या आडोशाला ती बाई उभी होती, त्या शब्दावर आठशे शब्द लिहिले. मराठी माणसाला एक सुरेख शब्द सापडला की तो त्याला खिशात ठेवता येत नाही. चारचौघांत काढून, उलटासुलटा करून दाखवावाच लागतो. जगातलं सगळ्यात हुशार यंत्र आमच्या आजीच्या एका शब्दापुढे कसं अडाणी ठरतं, हे लिहिताना तिरोडकरांना गुदगुल्या होत होत्या. लेख गाजला. अठरा वाचकांची पत्रं आली. एका बाईंनी तर त्यांच्या माहेरी आणखी काय काय वाढतं, त्याची यादीच पाठवली.

आवडाला विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चाळणीनं लेख वाचला. छापलेलं ती सगळंच वाचत असे, मराठी पुरवण्यासुद्धा. आणि नवा अर्थ कळला की ती फक्त पुढचं अडवत नसे, मागं वळून बघे. मैदानात दिवाळीच्या कोपऱ्यात बसलेली जुनी पत्रं आपली आपण उठली आणि मयताच्या कोपऱ्यात जाऊन बसली. आवडाची तेवीस. आणि त्यांच्याबरोबर आणखी चारशे माणसांची, ज्यांनी कधीतरी कोणाला कळवलं होतं, की नव्या घराला नारळ वाढवला, सुनेची बांगडी वाढली, देवापुढचा दिवा वाढवून निजलो. त्यातल्या बहुतेकांनी खरोखर नारळच वाढवला होता.

आवडाचं चोविसावं आणि शेवटचं पत्र मुंबईच्या पत्त्यावर आलं. चाळणीनं ते अडवलं नाही. कोणीतरी मुद्दाम सोडलं असावं. “दादा, तुमचे लिखाण येथे पोचले. सुरेख आहे. मी येते.” उंबऱ्यावरून निघणारी बाई म्हणते तसं. तिरोडकरांचा परवाना रद्द झाल्याचं कळवणारा कागद त्याच टपालात होता. त्यांना विमानातसुद्धा बसवावं लागलं नाही. ते घरीच होते.

यातलं काहीही त्यांनी शेवंतीला सांगितलं नाही. लेखाची गोष्ट सांगितली, पण लेखाखालचं नाव बदललं.

“पुण्याचा एक उपसंपादक होता, नाव विसरलो,” ते म्हणाले. “शहाणा. आम्हाला न विचारता लिहून मोकळा झाला.”

त्या उपसंपादकाला त्यांनी चार शिव्या दिल्या, आणि त्या अगदी मनापासून दिल्या.

“मगे?” कांता म्हणाली. “पोलीस इले असतीत.”

“आले ना. पण आवडा सापडते कोणाला?”

आणि तिरोडकर सुटले. आवडानं बर्फाची दोन माणसांएवढी लादी निवडली, आकड्यानं आतून पोखरली, श्वासाला पपईच्या पानाचा देठ तोंडात धरला आणि आत शिरून वरून पाणी ओतून घेतलं. लादी मासळीबरोबर बोटीवर चढली. पोलिसांनी एकेका सुरमईचा जबडा उघडून बघितला, पण लादीत बघायचं कोणाला सुचलं नाही. सहाव्या दिवशी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बर्फ वितळला, आणि बाई उठून बसली ती कप्तानाला म्हणाली, तुमचा माणूस वजनात मारतो, तो काटा इकडे आणा. कप्तान चळाचळा कापायला लागला. उतरल्यावर तिनं खानावळ घातली. तिथल्या लोकांना सोलकढीची अशी चटक लावली की तिथला राजा रोज वाटी घेऊन रांगेत. तिथं राजा नाही, असं कोणीतरी म्हणालं. “असता तर आला असता,” तिरोडकर म्हणाले.

होडीवाले खदखदून हसत होते. एकाची बॅटरी केव्हाच भरली होती, पंप टिंगटिंग करत होता, तरी तो उठेना. आणि शेवंतीही हसली. आईनं कप्तानाकडे काटा मागितल्याचं ऐकून ती तोंडावर ओढणी धरून हसली. जमलं, तिरोडकरांना वाटलं. आईची हसण्यासारखी गोष्ट या मुलीला कोणी दिली नसेल. ही आता परत जाईल, रोज सांजेला दिवा लावील, आणि लावताना तिला बर्फाच्या लाद्यांऐवजी सोलकढीची रांग आठवेल. वाईट काय त्यात?

“मग आता कोठे आहे ती, काका?” शेवंतीनं विचारलं. “मजला पत्र का नाही लिहिले?”

थापाड्याला या प्रश्नाची तयारी असते. पत्ता हरवला, नाव बदलून राहते, पालकाची माणसं अजून टपून आहेत. तिरोडकरांच्या जिभेवर तिन्ही होती. त्यांनी चष्मा चढवला आणि तिच्याकडे बघितलं. डोळे आवडासारखे नव्हते, पण बघणं तिचंच होतं. काटा स्थिर होईपर्यंत वजन करणारं माणूस बघत राहतं, तसं.

तिन्ही उत्तरं जिभेवरून परत गेली. मग त्यांना असं एक वाक्य सापडलं, की ज्यात खरंही बसेल आणि खोटंही. तसली वाक्यं लिहायला त्यांना एकाच बाईनं शिकवलं होतं.

“देवाच्या मनात होतं, बाय,” ते म्हणाले. “आयुष्य वाढलं तिचं.”

बाकाभोवतीच्या सगळ्यांनी ते वाक्य उचललं आणि आनंदाच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. एका होडीवाल्यानं समुद्राकडे बघून हात जोडले. बरा झाला, कांता म्हणाली, आणि पदरानं किटलीचा कान धरून तिनं उरलेला चहा पेल्यांत ओतायला घेतला.

शेवंतीचं हसू थांबलं होतं. तिनं ओढणी सारखी केली, रिकामा पेला बाकावर ठेवला आणि पिशवीत हात घालून वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण काढलं. घड्यांवर विरलेलं, जपून ठेवलेलं. ते तिनं तिरोडकरांच्या गुडघ्यावर उलगडून ठेवलं. वर शीर्षक होतं, ‘दिवा विझत नाही’. खाली नाव होतं.

“काका,” ती म्हणाली, “आमच्याकडे माणूस वाढला म्हणजे काय होते, ते तुम्हीच तर जगास सांगितलेत.”